वनस्पतींचे डॉक्टर : एडविन बटलर



पावसाळ्याचे दिवस आहेत. तुम्ही अम्मीबरोबर दर्यापूरच्या बाजारात गेला आहात. भाजीवाल्या बाईसमोर टोमॅटोचा ढीग आहे. आपल्या वऱ्हाडात बरेच लोक टोमॅटोला भेदरं म्हणतात. अम्मी एकेक भेदरं उचलते, फिरवून पाहते आणि पिशवीत टाकते. एखादे मात्र ती परत ढिगात ठेवते. त्याच्यावर एक तपकिरी डाग असतो. नीट पाहिले तर त्या डागात वर्तुळे दिसतात. एक फिकट, एक गडद, पुन्हा एक फिकट. जणू एखादा डोळाच फळावरून आपल्याकडे पाहत आहे.

असे फळ घरी दोन दिवस ठेवले तर डाग पसरतो. ओलावा असेल तर त्याच्यावर पांढरा कापूस उगवल्यासारखा दिसतो. तुम्ही घरी जिला फफूँदी म्हणता, तीच ही बुरशी. शास्त्राच्या पुस्तकात तिला कवक असेही नाव आहे.

आता एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. फळ सडले म्हणून त्यावर बुरशी आली, की बुरशी आली म्हणून फळ सडले? प्रश्न साधा वाटतो. पण जगातले मोठमोठे विद्वान या प्रश्नावर अनेक वर्षे भांडत होते. या भांडणाचा निकाल लागण्याआधी एका देशातली लाखो माणसे उपाशी मेली. त्याच देशात जन्मलेला एक माणूस पुढे भारतात आला आणि आपल्या तुरीच्या, ताडाच्या, गव्हाच्या रोगांचा माग काढत वीस वर्षे राहिला. त्याची ही गोष्ट आहे.

तो देश म्हणजे आयर्लंड. इंग्लंडच्या शेजारचे हे एक बेट. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या गरीब शेतकऱ्यांचे मुख्य अन्न बटाटा होते. आपल्याकडे जशी ज्वारीची भाकर, तसा त्यांचा बटाटा. 1845 साली पाऊस फार झाला. बटाट्याच्या पानांवर काळे डाग पडले आणि थोड्याच दिवसांत हिरवी शेते काळी झाली. जमिनीतले बटाटे उकरले तर तेही सडलेले निघाले. पुढच्या वर्षीही तसेच झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाच्या साथीने मेली. आणखी दहा लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून परदेशी गेली. या काळातही आयर्लंडमधून धान्य भरून जहाजे इंग्लंडला जातच होती. दुष्काळ पडतो तो केवळ निसर्गामुळे नसतो, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

लोकांनी बटाटा सडण्याची नाना कारणे सांगितली. कोणी म्हणाले, हवा बिघडली. कोणी आगगाडीच्या धुराला दोष दिला. बहुतेक विद्वानांचे मत असे होते की, जास्त पाण्याने बटाटा आधी सडतो आणि मग त्यावर बुरशी येते. इंग्लंडमधील बर्कले नावाच्या एका पाद्र्याने 1846 साली उलट मत मांडले. बुरशी हीच रोगाचे कारण आहे, असे त्याने सांगितले. पण त्याला पुरावा देता आला नाही. पुरावा दिला तो अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने, 1861 साली. त्याने निरोगी रोपांवर त्या बुरशीचे बीजाणू टाकले. ती रोपे आजारी पडली. ज्यांच्यावर बीजाणू टाकले नव्हते, ती चांगली राहिली. बीजाणू म्हणजे बुरशीचे बी. ते इतके बारीक असते की, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, टोमॅटोवरून आपण बटाट्यावर कुठे आलो? टोमॅटो आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडे आहेत. वांगे आणि मिरचीही त्याच कुळातली. आयर्लंडचा बटाटा ज्या बुरशीने खाल्ला, तीच बुरशी आजही थंड आणि ओल्या हवेत टोमॅटोची पाने जाळते आणि फळांवर खडबडीत तपकिरी डाग पाडते. आपले शेतकरी त्याला करपा म्हणतात.

या दुष्काळानंतर सुमारे तीस वर्षांनी, 13 ऑगस्ट 1874 रोजी, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किलकी या गावी एडविन जॉन बटलर याचा जन्म झाला. त्याचे वडील सरकारी न्यायाधीश होते. त्यांची गावोगावी बदली होत असे. एडविनला शिक्षणासाठी इंग्लंडमधील एका शाळेत पाठवण्यात आले. पण त्याची तबियत फार नाजूक होती. 1887 साली, तेराव्या वर्षी, त्याला शाळा सोडून घरी परतावे लागले. तुमच्याच वयाचा मुलगा, आणि शाळा बंद! घरी शिकवायला एक शिक्षक येत. बाकीचा वेळ तो पुस्तकांच्या संगतीत घालवी. हाताशी एक चांगले ग्रंथालय होते. तीन वर्षांनी प्रकृती सुधारली, तेव्हा तो पुन्हा शाळेत जाऊ लागला.

पुढे कॉर्क शहरातील क्वीन्स कॉलेजात त्याने वैद्यकाचा अभ्यास केला आणि 1898 साली तो डॉक्टर झाला. आता त्याने दवाखाना उघडावा, रोग्यांची नाडी पाहावी, असेच कोणालाही वाटले असते. पण कॉलेजात हार्टोग नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांना पाण्यात वाढणाऱ्या बुरशींचे वेड होते. डबक्यात मेलेली माशी पडली की तिच्याभोवती पांढरे धागे वाढतात, ते तुम्ही कधी पाहिले असतील. ती पाण्यातली बुरशी. तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. प्रत्येकाला दोन बारीक शेपट्या असतात आणि त्या हलवत ते पुढे जातात. हार्टोगांनी हा खेळ बटलर यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तरुण डॉक्टर त्यात असे रमले की माणसांचा दवाखाना कायमचा मागे पडला. ते पॅरिसला गेले, जर्मनीतील फ्रायबुर्गला गेले, लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध बागेत त्यांनी काम केले आणि या पोहणाऱ्या बुरशींचा अभ्यास केला.

हा अभ्यास त्या वेळी अनेकांना निरुपयोगी वाटला असेल. डबक्यातल्या बुरशीने कोणाचे पोट भरते? पण बटाटा मारणारी बुरशीही याच पोहणाऱ्या बुरशींच्या घराण्यातली आहे. (आजचे शास्त्रज्ञ तर या घराण्याला खऱ्या बुरशीत धरतच नाहीत. समुद्रातल्या काही शेवाळांशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे, असे आता समजले आहे. पण शेतकरी तिला बुरशीच म्हणतो आणि आपणही या पाठात तसेच म्हणू.)

1901 साली बटलर कलकत्त्याला आले. भारत सरकारने बुरशींच्या अभ्यासासाठी नेमलेले ते पहिले शास्त्रज्ञ होते. वय होते सत्तावीस वर्षे. एवढा मोठा देश, शेकडो पिके आणि त्यांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास करणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी! पुढच्याच वर्षी त्यांची बदली डेहराडूनला झाली. 1905 साली बिहारमधील पुसा या खेड्यात लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते एका मोठ्या शेती संशोधन संस्थेची पायाभरणी झाली. हेन्री फिप्स या अमेरिकी धनिकाच्या देणगीतून ती उभी राहिली. बटलर त्या संस्थेत गेले आणि भारत सोडेपर्यंत पुसा हेच त्यांचे घर झाले.

इंग्रज सरकारने त्यांना का बोलावले, हेही समजून घ्या. सरकारला गहू, कापूस, नीळ, चहा यांच्या व्यापाराची काळजी होती. पीक बुडाले की शेतसाराही बुडे. कुणब्याच्या घरातल्या तुरीच्या वरणाची चिंता सरकारला तितकी नव्हती. बटलर यांनी मात्र तूरही आपली मानली. हे त्यांचे मोठेपण आहे असे मला वाटते.

तुरीची हकीगत जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती तुमच्या गावाची आहे. दर्यापूरच्या कोणत्याही रस्त्याने गावाबाहेर पडा. काळ्या जमिनीत कपाशीच्या मधून मधून तुरीचे तास दिसतात. झाडे हिरवीगार, फुलावर आलेली असतात. आणि एके दिवशी त्यातले एखादे झाड मान टाकते. पाने पिवळी पडतात, वाळतात. जमिनीत ओल असते, तरी झाड तहानेने मेल्यासारखे दिसते. शेजारचे झाड ठणठणीत असते. काही दिवसांनी त्याचीही तीच गत होते. याला शेतकरी मर म्हणतात.

बटलर यांनी मेलेली झाडे उपटून पाहिली. त्यांनी खोड उभे चिरले. आत काळ्या रेषा दिसल्या. झाडाच्या आत पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या नळ्या बुरशीच्या धाग्यांनी भरल्या होत्या. म्हणजे पाणी जमिनीत होते, पण ते वर जाण्याची वाट बंद झाली होती. घरात नळ आहे, टाकीत पाणी आहे, पण पाइपात गाळ भरला आहे, तशी ही अवस्था.

पण गुन्हेगार कोण? इथे खरी अडचण होती. मेलेल्या तुरीच्या मुळांवर एक नव्हे, दोन बुरशी सापडत. त्यांतली एक लालसर, ठसठशीत आणि सहज ओळखू येणारी होती. अशाच एका बुरशीमुळे कपाशी मरते, असे अमेरिकेतील एका नामवंत शास्त्रज्ञाने आधी जाहीर केले होते. साहजिकच पहिला संशय तिच्यावर गेला. बटलर यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मोठ्या माणसाचे मत मान्य करून अहवाल लिहून टाकला असता.

त्यांनी तसे केले नाही. त्यांनी दोन्ही बुरशी वेगवेगळ्या वाढवल्या. मग निरोगी तुरीच्या रोपांना एकेका बुरशीचा संसर्ग करून पाहिला. लालसर बुरशीने तुरीचे काहीही बिघडले नाही. ती फक्त मेलेल्या मुळांवर जगणारी होती. दुसरी बुरशी साधी, डोळ्यांत न भरणारी होती. पण तिने रोपे मारली. पोलीस येण्याआधी चोर पळून जावा आणि दारात उभा असलेला बघ्याच पकडला जावा, तसे आधी झाले होते. 1910 साली बटलर यांनी हे सारे प्रयोग छापून प्रसिद्ध केले. खऱ्या गुन्हेगार बुरशीला त्यांनी नाव दिले, फ्युजेरियम उडम. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी तेच नाव चालू आहे.

आता बाजारातल्या त्या सडक्या भेदराचा प्रश्न पुन्हा आठवा. सडलेल्या वस्तूवर जी बुरशी दिसते, ती प्रत्येक वेळी गुन्हेगार असतेच असे नाही. काही बुरशी खरोखरच सडल्यानंतर येतात. म्हणून केवळ पाहून निकाल देता येत नाही, प्रयोग करावा लागतो. डी बारी यांनी बटाट्यात जे केले, तेच बटलर यांनी तुरीत केले आणि आपल्या मदतनिसांनाही तीच शिस्त लावली.

मर रोगावर औषध फवारून उपयोग नसतो, कारण बुरशी मातीत राहते आणि मुळांतून आत शिरते. एकाच शेतात दरवर्षी तूर घेतली तर ती वाढत जाते. तुरीबरोबर ज्वारी पेरली तर मर कमी होतो, असे पुढच्या काळातल्या प्रयोगांत दिसून आले. आपल्या वडीलधाऱ्यांची मिश्र पेरणीची जुनी रीत काही उगाच नव्हती. पुढे 1980 नंतरच्या दशकात मर रोगाला सहज बळी न पडणारे मारुती नावाचे वाण आले. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांनी ते पेरलेही असेल.

बटलर एका जागी बसून राहणारे नव्हते. गोदावरीच्या मुखाजवळ ताडाची झाडे शेंड्यातून कुजून मरत होती. ते तिथे गेले. कोवळा शेंडा हा ताडाचा जीव. तो कुजला की झाड संपले. बटलर यांनी त्यामागची बुरशी शोधली आणि रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळण्याचा उपाय सुचवला. उपाय कठोर होता. ज्याचे पोट ताडावर चालते, त्याला झाड तोडायला सांगणे सोपे नसते. सरकारने ही मोहीम अनेक वर्षे चालवली. गव्हाचा तांबेरा, उसाचा लाल कूज, आल्याची सड अशा कितीतरी रोगांवर त्यांनी लिहिले.

पुसा येथे बटलर यांच्या हाताखाली जहांगीर फर्दुनजी दस्तूर नावाचे एक पारशी तरुण काम करीत. उर्दूत दस्तूर म्हणजे रीत किंवा नियम, हे तुम्हांला माहीत आहे. पारशी समाजात मोठ्या धर्मगुरूंनाही दस्तूर म्हणतात आणि त्यावरून हे आडनाव आले आहे. त्यांचा जन्म 1886 सालचा. भारतीय माणसांपैकी वनस्पतींच्या रोगांचा सखोल अभ्यास करणारे पहिले शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

एरंडीची रोपे मरत होती, तेव्हा दस्तूर यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांना एक नवीन बुरशी सापडली. ती आयर्लंडच्या बटाटा मारणाऱ्या बुरशीची सख्खी बहीण निघाली. फरक इतकाच की, बटाट्याच्या बुरशीला थंडी लागते आणि हिला ऊब मानवते. 1913 साली दस्तूर यांनी तिला नाव दिले, फायटॉप्थोरा पॅरासिटिका. पहिल्या शब्दाचा अर्थ ग्रीक भाषेत वनस्पतींचा नाश करणारी असा होतो. शास्त्रात अशी रीत आहे की, बुरशीच्या नावापुढे तिला नाव देणाऱ्याचे आडनाव लिहितात. त्यामुळे या बुरशीच्या नावापुढे जगभरच्या पुस्तकांत दस्तूर हे आडनाव लागले. जावा बेटात तंबाखूवर आधी सापडलेली बुरशी आणि ही एकच, असे आज मानले जाते आणि तिला तंबाखूवरून दिलेले जुने नाव वापरतात. तरीही जुन्या ग्रंथांत दस्तूर यांचे नाव आहेच.

आणि मित्रांनो, टोमॅटोवरचा तो डोळ्यासारखा डाग याच बुरशीचा असतो!

तो फळावर येतो कसा, ते पाहू. ही बुरशी मातीत राहते. पाऊस नसतो तेव्हा ती गप्प असते. मग जोराची सर येते. वावरात पाणी साचते. मातीतल्या बुरशीपासून शेपट्यांचे बीजाणू बाहेर पडतात आणि त्या पाण्यात पोहू लागतात. पावसाचा थेंब जमिनीवर आपटला की चिखलाचा शिंतोडा उडतो. तो खालच्या फळांना लागतो. त्या शिंतोड्याबरोबर बीजाणूही फळावर जातो. काही फळे तर जमिनीलाच टेकलेली असतात. म्हणून हा रोग झाडाच्या खालच्या फळांवर आधी येतो, शेंड्याकडच्या फळांवर क्वचित. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती एकदा भिजली की लवकर वाळत नाही, हे सांगायला नकोच.

फळावर पोहोचल्यावर बीजाणू आपल्या शेपट्या टाकून देतो, गोल होतो आणि सालीला चिकटतो. त्यातून एक बारीक नळी फुटते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पानाला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्रे असतात आणि पुष्कळ बुरशी त्या छिद्रांतून आत जातात. टोमॅटोच्या सालीला अशी छिद्रे नसतात. साल गुळगुळीत आणि मेणचट असते. घराला दारेखिडक्या नाहीत, सगळी भिंतच! तरीही ही नळी भिंत फोडून आत जाते. फळाला जखम असायलाच हवी असे नाही. आत गेल्यावर बुरशीचे धागे गरात पसरतात, पेशी फोडतात आणि त्यांतला रस पितात. धागे मधून सगळीकडे पसरत जातात आणि डागात फिकट-गडद वर्तुळे उमटतात. डाग मोठा झाला तरी त्यावरची साल बराच वेळ गुळगुळीत राहते. बटाट्याच्या बहिणीने पाडलेला डाग खडबडीत असतो. चतुर बागवान बोट फिरवूनच दोघींना ओळखतो.

सगळ्या बुरशींची रीत अशी धसमुसळी नसते. एक बुरशी फार धूर्त आहे. तिचा बीजाणू हिरव्या, कोवळ्या फळावर पडतो. त्याची नळी फुटते आणि नळीचे टोक फुगून सालीला तळव्यासारखे घट्ट चिकटते. त्या तळव्यातून एक अतिशय बारीक खुंटी सालीत शिरते आणि तिथेच थांबते. फळ वरून निरोगी दिसते. शेतकरी खूश असतो. फळ पिकू लागते, त्यात गोडी येते, साल नरम होते, तेव्हा आत दबून बसलेली बुरशी जागी होते. लाल फळावर गोल, खोलगट डाग पडतात आणि त्यांत काळे ठिपके दिसू लागतात. तोडताना निर्दोष असलेला माल बाजारात पोहोचेपर्यंत का बिघडतो, याचे एक कारण हे आहे.

काही बुरशी दुबळ्या असतात. त्यांना भिंत फोडता येत नाही. त्या उघड्या दाराची वाट पाहतात. उन्हानंतर एकदम पाऊस आला की फळ तडकते, ती चीर म्हणजे एक दार. अळीने पाडलेले भोक हे दुसरे दार. देठ तुटतो ती जागा तिसरे. आणि चौथे दार आपण माणसेच पाडतो. कॅरेट गाडीत आदळले, नख लागले की सालीला जखम होते. भाकरीवर जी काळ्या टोकांची पांढरी बुरशी येते, तिच्यासारखीच एक बुरशी अशा जखमेतून शिरते. एका रात्रीत फळाचे पाणी होते. ते पाणी खालच्या फळांवर गळते आणि सकाळी अर्धे कॅरेट फेकावे लागते.

म्हणूनच जाणते शेतकरी टोमॅटोची झाडे बांबू आणि तारेवर बांधतात. फळ जमिनीपासून वर राहिले की शिंतोडा लागत नाही. झाडाखाली गवत किंवा काड अंथरतात. सडकी फळे वावरात टाकत नाहीत. मोरचूद आणि चुना यांचे निळे पाणी, ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतात, त्याची फवारणी करतात. फ्रान्समध्ये द्राक्षबागांसाठी 1885 साली पुढे आलेला हा उपाय आहे. मात्र एक अडचण आहे. बुरशी सालीच्या आत गेल्यावर त्या निळ्या पाण्याचा फारसा उपयोग नसतो. ते आधीच फवारावे लागते.

आता पुन्हा बटलर यांच्याकडे वळू. 1918 साली त्यांचे मोठे पुस्तक कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. बुरशी आणि वनस्पतींचे रोग हा त्याचा विषय. पाचशेहून अधिक पानांत त्यांनी भारतातील पिकांचे रोग मांडले. त्याआधी इथल्या विद्यार्थ्यांना युरोपातल्या पिकांची उदाहरणे वाचून शिकावे लागे. आता ज्वारी, बाजरी, तूर, पानवेल, आंबा यांचे रोग एका ठिकाणी सापडू लागले. अनेक वर्षे हेच पुस्तक शेतकी महाविद्यालयांतून वापरले गेले. ते इंग्रजीत होते, त्यामुळे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हाती ते कधी आले नाही. ज्याच्या शेतातून ज्ञान गोळा झाले, त्याच्या भाषेत ते परत जायला फार उशीर लागला, ही खंत राहतेच.

1920 साली बटलर यांनी भारत सोडला. लंडनजवळ क्यू येथे बुरशींच्या अभ्यासाची एक नवी संस्था निघाली होती. तिचे ते पहिले संचालक झाले. जगाच्या निरनिराळ्या देशांतून रोगट पाने, फळे, मुळे तिथे येत. कोणता रोग कोणत्या देशात आहे, कुठे पसरत आहे, याची नोंद ठेवली जाई. 1922 पासून या संस्थेने एक नियतकालिक सुरू केले. जगभर वनस्पतींच्या रोगांवर जे संशोधन होई, त्याचा सारांश त्यात छापला जाई. साथ, म्हणजे तुम्ही जिला वबा म्हणता ती, देशाच्या सीमा पाळत नाही. माणसाच्या साथीबद्दल हे सर्वांना पटते, पण पिकांच्या साथीचाही असा हिशेब ठेवला पाहिजे, हे बटलर यांच्या संस्थेने प्रत्यक्ष करून दाखवले. 1926 साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. 1931 साली त्यांनी बिस्बी या सहकाऱ्याबरोबर भारतातील सर्व ज्ञात बुरशींची यादी प्रसिद्ध केली. देश सोडून अकरा वर्षे झाली होती, पण काम सुटले नव्हते. 1939 साली त्यांना सर हा किताब मिळाला.

इकडे दस्तूर नागपूरला आले होते. मध्यप्रांत सरकारचे बुरशीतज्ज्ञ म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. तेव्हा आपला वऱ्हाडही मध्यप्रांताला जोडलेला होता. 1935 साली त्यांनी मध्यप्रांतातील पानवेलीच्या रोगांवर मोठा लेख लिहिला. दर्यापूरच्या शेजारचे अंजनगाव सुर्जी पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पानमळ्यात नेहमी सावली आणि ओल असते. पोहणाऱ्या बीजाणूंना आणखी काय हवे? वेलीचे बूड कुजते, पाने काळी पडतात. दस्तूर यांना त्यामागेही आपली एरंडीवरची ओळखीची बुरशी थोड्या वेगळ्या रूपात सापडली. एरंडी, पानवेल आणि टोमॅटो ही तीन कुळांतली तीन पिके, पण त्यांची शत्रू एक. उतारवयात दस्तूर यांनी भारतातील औषधी आणि उपयोगी वनस्पतींवर सामान्य वाचकांसाठी पुस्तके लिहिली. 1971 साली ते वारले.

बटलर यांचे लहानपणीचे आजारपण पुढेही अधूनमधून डोके वर काढीत असे. 4 एप्रिल 1943 रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. आदल्या हंगामात भाताच्या पिकावर एका बुरशीने तपकिरी ठिपक्यांचा रोग आणला होता. त्यामुळे पीक किती बुडाले आणि सरकारच्या युद्धकाळातील धोरणांमुळे किती माणसे मेली, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. मेलेल्यांची संख्या मात्र सुमारे तीस लाख मानली जाते. आयर्लंडच्या दुष्काळाच्या कहाण्या ज्या देशात घरोघरी होत्या, तिथे जन्मलेल्या या माणसाच्या अखेरच्या वर्षी, त्याने वीस वर्षे सेवा केलेल्या देशात पुन्हा तसेच घडावे, हा योग मनाला चटका लावतो.

बटलर यांनी पुसा येथे रोगट पाने, खोडे आणि फळे वाळवून कागदी पाकिटांत जपून ठेवायला सुरुवात केली होती. प्रत्येक पाकिटावर पिकाचे नाव, गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली असे. 1934 साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. पुसाची इमारत मोडकळीस आली. 1936 साली संस्था दिल्लीला हलवण्यात आली. पाकिटेही दिल्लीला गेली. तो संग्रह पुढे वाढत गेला आणि आजही तिथे आहे. एखादा नवा डाग दिसला की शास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वीचे पाकीट उघडतात आणि त्यातले वाळलेले पान सूक्ष्मदर्शकाखाली धरतात.